बॅकस्पेसवरची चिकटपट्टी

बॅकस्पेसच्या बटणावर चिकटपट्टी मी स्वतः लावली होती. पुठ्ठ्याची खोकी बंद करायला वापरतात ती खाकी पट्टी. कात्रीने बटणाच्या मापाची कापली, दोन थर दिले आणि धाकट्या जावेला सांगितलं, "हे बटण आजपासून नाही असं समज."

"नाही तर नाही," ती म्हणाली. "पण चुकलं तर जाऊ कुठं?"

"कंट्रोल डब्ल्यू. मागचा अख्खा शब्द एका फटक्यात जातो. एकेक अक्षर खोडत बसायचं नाही."

तिने करून पाहिलं. चुकीचा शब्द टाइप केला, डाव्या करंगळीने कंट्रोल धरलं, अनामिकेने डब्ल्यू दाबलं. शब्द गेला. तिने पुन्हा एक शब्द टाइप केला, पुन्हा घालवला. मग माझ्याकडे बघून हसली. "अक्का, हे तर लई भारी हाय. घरातल्या माणसांसाठी बी असलं बटण पाहिजे होतं."

मी नांदेडला एका कॉलेजात प्रयोगशाळांचं भांडार सांभाळते. काचेची एक नळी फुटली तरी माझ्या रजिस्टरात तिची नोंद होते. घरीही तसंच आहे. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, आणि महिन्याची वेगळी. त्यावरून मला घरात आणि कॉलेजात पुष्कळ ऐकावं लागतं, पण वीस वर्षांत माझा एकही अर्ज मुदतीनंतर गेलेला नाही. जाऊ गावाकडे असते. लोह्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत गेलं की आमचं गाव. दीर शेती बघतात. जाऊ लग्नाआधी कॉम्प्युटर विषय घेऊन बीएस्सी झालेली होती, पण लग्नानंतर ती पदवी कपाटात साड्यांच्या खाली गेली. सोयाबीन, तूर, दोन म्हशी आणि सासूबाईंचं आजारपण, यात तिची पंधरा वर्षं गेली.

मग एका सरकारी कार्यालयाची जाहिरात निघाली. संगणकावर काम करणाऱ्या माणसांच्या जागा होत्या. जाहिरात मी पाहिली, अर्ज मी भरला. गावात रेंजचा भरवसा नाही म्हणून मोबाइल नंबरही माझाच दिला. लेखी परीक्षेत ती पास झाली, आमच्या सगळ्या अंदाजाबाहेर चांगल्या मार्कांनी. आता फक्त कौशल्य चाचणी उरली होती. कॉम्प्युटरपुढे बसून एका तासात बारा कामं करून दाखवायची.

ही संधी पहिली होती आणि शेवटचीही. वयाची अट अडतीस. तिचा खरा जन्म महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीचा, हे तिच्या आईला पक्कं आठवतं. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्याकडच्या निम्म्या पोरांसारखी तिचीही तारीख एक जून टाकली. कागदावर ती तीन महिन्यांनी म्हातारी झाली. चाचणी मे महिन्यात होती. यात ती बसत होती. जूननंतरच्या कुठल्याच जाहिरातीत बसणार नव्हती.

म्हणून मी कामाला लागले.

कॉलेजच्या लॅबमधून जुनी मशीन निर्लेखनात, म्हणजे वापरातून बाद होऊन, निघाली होती. त्यातलं एक मी रीतसर घेतलं. लॅबच्या इंजिनिअरने ते तपासलं आणि डोकं खाजवलं. "मॅडम, यावर आजकालचं काही चालणार नाही. खिडक्या, चित्रं, इंटरनेट, सगळं जड होईल. पण नुसती काळी स्क्रीन पळेल मस्त." काळी स्क्रीन म्हणजे माउस नाही, वर मेनू नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि एंटर दाबायचं. चाचणीच्या अभ्यासक्रमात नेमकं तेच होतं. मला वाटलं, याहून चांगलं काय मिळणार? जे परीक्षेत आहे तेवढंच मशीनमध्ये आहे. लक्ष विचलित व्हायला दुसरं काही नाहीच.

ते मशीन मी फाट्यापर्यंत एसटीच्या मागच्या सीटवर मांडीशी धरून नेलं. दिरांनी तिथून मोटारसायकलवर पुढे नेलं, मध्ये गोधडी घालून.

दर रविवारी मी गावाला जायचे. दुपारी जेवणं उरकली की ती बसायची. मी बाजूला खुर्ची टाकून मोबाइलचं घड्याळ लावायचे. पहिल्या महिन्यात बारा कामांना तिला एक तास चाळीस मिनिटं लागली. मी नोंदवही काढली. वेळ कुठे जातो ते बघितलं. कमांड तिला पाठ होत्या. वेळ जात होता खोडण्यात. ती चुकीचं अक्षर दिसलं की टकटकटक मागे जायची, पुढचं बरोबर असलेलंही खोडायची आणि पुन्हा लिहायची. एका रविवारी मी नुसतं बॅकस्पेस मोजलं. दोनशे अकरा वेळा. पुढच्या रविवारी चिकटपट्टी घेऊन गेले.

त्यानंतर तिचा वेळ उतरायला लागला. एक तास वीस. एक तास पाच. पन्नास मिनिटं. एप्रिलमध्ये ती पस्तीस मिनिटांत सगळं करून हात झटकायची आणि म्हणायची, "घ्या तुमचं घड्याळ. अजून काय काय करू, भांडी घासू?" सासूबाई बाजेवरून विचारायच्या, "काय करून राहिल्या गं दोघी? शिलाई मशीन हाय का ते?" ती म्हणायची, "हाव, सासूबाई. सरकारला झबलं शिवून राहिले."

पाहायला मजा यायची. तिची बोटं विचार करत नव्हती. चूक झाली की ती ओठ दाबायची आणि त्याच क्षणी शब्द गेलेला असायचा. पट्टीची कड कळकट झाली होती, पण मधे एकदाही बोट टेकल्याची खूण नव्हती.

चाचणीच्या दहा दिवस आधी माझ्या मोबाइलवर निरोप आला. सराव चाचणीची लिंक, उमेदवारांनी एकदा करून पाहावी. मी ते यादीत लिहिलं. पण जुन्या मशीनवर इंटरनेट नाही. तिला नांदेडला आणायचं तर सासूबाईंना ताप होता. शेवटी रविवारी आम्ही दोघी पाण्याच्या टाकीजवळ गेलो. तिथे रेंज येते. माझ्या मोबाइलवर लिंक उघडली. पांढऱ्या पानावर मधे एक काळी चौकट होती, वर प्रश्न. तिने अंगठ्याने दोन उत्तरं टाइप केली. पान म्हणालं, सराव पूर्ण.

"आपल्यासारखंच हाय की," ती म्हणाली.

"आपल्यासारखंच आहे," मी म्हणाले, आणि पर्समधून पेन काढून सराव चाचणीपुढे बरोबरची खूण केली.

केंद्र लातूरला आलं. मी नांदेडहून सकाळची पहिली गाडी धरली, ती फाट्यावर चढली. मी खिडकीजवळची जागा पिशवी टाकून धरून ठेवली होती. गाडीत मी यादी वाचत गेले आणि ती एकेक वस्तू दाखवत गेली. प्रवेशपत्राच्या दोन प्रती. आधार, मूळ आणि झेरॉक्स. फोटो. पारदर्शक बाटली. केंद्रावर धातू चालत नाही म्हणून मंगळसूत्राऐवजी नुसत्या काळ्या मण्यांची दोऱ्यात ओवलेली पोत मी तिच्यासाठी आठ दिवस आधी करून घेतली होती.

"अक्का," अहमदपूर गेल्यावर ती म्हणाली, "यादीत एक राहिलं."

"काय?" मी पेन काढलं.

"मी."

शेजारची बाई हसली. मीही हसले.

केंद्र शहराबाहेर एका नव्या इमारतीत होतं. साडेअकराला तिला आत घेतलं. जोडवी आणि कानातले तिने गेटवर काढून माझ्या रुमालात दिले. रुमालाची गाठ मारताना म्हणाली, "एक वाजता परत घेते." आणि उजव्या हाताची बोटं हवेत नाचवून दाखवली.

बाहेर उमेदवारांची माणसं बसली होती. कडुलिंबाची एकच सावली आणि तिच्यात चाळीस जण. कोणी पेपर अंथरलेला, कोणी डबा उघडलेला. लातूरच्या मे महिन्यातल्या बारा वाजताबद्दल काही सांगत नाही. मी कुंपणाच्या कठड्यावर पिशवी ठेवली आणि परतीच्या गाड्यांची वेळ लिहून काढली. बाराला चाचणी सुरू झाली असणार. बारा पाचला मी मनात म्हटलं, पहिलं काम झालं. बारा दहाला, तिसरं.

बारा वीसला ती गेटमधून बाहेर आली.

मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी राहिलं. मी पिशवीत हात घातला, आधारची झेरॉक्स काढली आणि पळत गेले. "काय राहिलं? फोटो?"

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"चाचणी झाली म्हणतेत. मी तिसरं काम करून राहिले होते. अन् पान गेलं."

"कुठं गेलं?"

"गेलं. समदं. मी हात वर केला. सर आले, त्यांनी परत नंबर टाकून उघडलं, तर तिथं लिहिलं, आपली चाचणी सादर झाली आहे, धन्यवाद. सर म्हणले, तुम्हीच सबमिट केलं मॅडम. मी म्हणलं, न्हाई केलं. ते म्हणले, सिस्टिम म्हणून राहिली केलं म्हणून."

"तू कुठलं बटण दाबलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नंतर कितीतरी वेळा मी ते पाहणं आठवलं. त्या वेळी मात्र मला घाई होती. "काय की," ती म्हणाली. "कळलं न्हाई."

मी गेटवर गेले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. मी केंद्रप्रमुखांना बोलवायला सांगितलं. ते आले, पन्नाशीतले गृहस्थ, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. नम्र होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"मॅडम, आमची फक्त जागा आणि मशीन. चाचणी वरून चालते. इथून माझ्या हातात काही उघडायचं न् बंद करायचं नाही."

"मग कोणाच्या हातात आहे?"

"वर."

"वर म्हणजे कोण?"

त्यांनी एक मदत क्रमांक लिहून दिला. मी लावला. आपण रांगेत आहात, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. एका हाताने मोबाइल कानाला धरून दुसऱ्या हाताने मी अर्ज लिहायला घेतला. कोरे कागद, कार्बन, स्टेपलर माझ्या पिशवीत कायम असतात. चार पानं लिहिली. घटना, वेळ, आसन क्रमांक, विनंती. कडुलिंबाखालच्या लोकांनी मला लिहायला पुठ्ठा दिला. एक बाप येऊन म्हणाला, "ताई, असं लिवा की लाइट गेली होती." मी म्हणाले, जे झालं तेच लिहीन. पण काय झालं ते मलाच माहीत नव्हतं. अर्जात मी लिहिलं, तांत्रिक कारणाने.

केंद्रप्रमुखांनी अर्ज घेतला. पोच द्यायला नकार दिला. "शिक्काच नाही मॅडम माझ्याकडे या परीक्षेचा. खरंच नाही." त्यांनी रिकामे हात दाखवले. वीस वर्षं मी पोच घेतल्याशिवाय कागद सोडला नाही. त्या दिवशी सोडला.

मागे वळले तर जाऊ कठड्यावर बसून डबा सोडत होती. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याची छोटी डबी.

"खाऊन घ्या, अक्का. सकाळपासून उपाशी हायत."

"तुला भूक आहे?"

"मला न्हाई. पण मी केलेत पहाटं उठून. वाया जातेत." मग धपाट्याचा तुकडा मोडून म्हणाली, "अठरा मिनिटांत पेपर देणारी दोन जिल्ह्यांत मी एकलीच आसंन."

मदत क्रमांकावरची बाई अजून बोलत होती. मी मोबाइल बंद केला. मग लक्षात आलं की रुमाल माझ्या मुठीत आहे. गाठ इतकी घट्ट झाली होती की जोडवी काढायला तिला दात लावावे लागले.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली, किंवा डोळे मिटून बसली. डावा हात मांडीवर होता. चाकूरच्या पुढे रस्त्याला खड्डे लागले तेव्हा माझं लक्ष गेलं. करंगळी आणि अनामिका मधूनमधून एकदम दबत होती. मी तिकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मला तेव्हाही काही कळलं नाही. मला वाटलं, गाडी आदळतेय.

सोमवारी मी लॅबमध्ये इंजिनिअरपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "काळी चौकट ब्राउझरच्या पानात होती का?"

"हो. पांढऱ्या पानात, मधे."

त्याने आपल्या कॉम्प्युटरवर तसलंच एक पान उघडलं. पांढऱ्या पानात काळी चौकट, चौकटीत कमांड लिहायची सोय. वर ब्राउझरची नेहमीची पट्टी आणि मेनू. त्याने एक शब्द मुद्दाम चुकीचा टाइप केला.

"आता त्या काय दाबतील?"

"कंट्रोल डब्ल्यू," मी म्हणाले.

त्याने दाबलं. पान गेलं. शब्द नाही, पान. मागे नुसता निळा पडदा राहिला.

"परत करा," मी म्हणाले.

त्याने परत केलं. परत गेलं. तिसऱ्यांदा मीच दाबलं.

"काळ्या स्क्रीनला हे बटण म्हणजे शब्द खोडा," तो सांगू लागला. "ब्राउझरच्या मेनूत तेच बटण म्हणजे पान बंद करा. दोघांचा दावा एकाच बटणावर. पण बटण दाबलं की ते आधी बाहेरच्याच्या हातात पडतं. त्याच्या उपयोगाचं नसेल तरच तो आत जाऊ देतो. चौकटीपर्यंत ते पोचलंच नाही, मॅडम. पान बंद झालं आणि सिस्टिमने चाचणी सादर केली असं धरलं. असले पुष्कळ आहेत. कंट्रोल सी घ्या. वर कॉपी होतं, काळ्या स्क्रीनवर चालू काम मरतं. कंट्रोल एन, कंट्रोल टी, तीच गत. तुमच्या जुन्या मशीनवर बाहेरचं कोणी नव्हतंच, त्यामुळे तिथे सगळं सरळ पोचायचं."

"मग तिने काय दाबायला हवं होतं?"

"बॅकस्पेस," तो म्हणाला. "साधं बॅकस्पेस. त्यावर कोणाचं भांडण नाही." आणि मग त्याने सहज विचारलं, "सराव चाचणी दिली नव्हती का? तिथेच कळलं असतं."

मी म्हणाले, दिली होती. मोबाइलवर दिली होती आणि मोबाइलला कंट्रोलचं बटणच नसतं, हे मी त्याला सांगितलं नाही. भांडारात परत आले आणि पर्समधली जुनी यादी काढली. सराव चाचणीपुढची खूण तशीच होती, ठळक, दोनदा गिरवलेली.

मी जे करता येतं ते केलं. नवा अर्ज लिहिला. या वेळी कारण नेमकं लिहिलं: काळ्या चौकटीत वापरायची कळ ब्राउझरच्या मेनूने घेतली, उमेदवाराने चाचणी सादर केलेली नाही. इंजिनिअरकडून चित्रं काढून जोडली. ईमेल केला, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, आठव्या दिवशी स्मरणपत्र, पंधराव्या दिवशी दुसरं. मे संपला. एक जून आली, तिच्या कागदावरचा वाढदिवस. वीस तारखेला उत्तर आलं, दोन ओळींचं. उमेदवाराच्या कृतीने चाचणी बंद झाल्याचे नोंदींवरून दिसते. फेरचाचणीची तरतूद नाही.

ते उत्तर चूक नव्हतं. मला तेच सगळ्यात जड गेलं. भांडायला समोर माणूस नव्हता आणि असता तरी तो खरंच बोलला होता. तिचीच बोटं होती. फक्त ती तशी वळवली मी होती.

उत्तर मी जावेला फोनवर वाचून दाखवलं. कळीची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती "बरं" म्हणाली आणि म्हैस व्यायल्याचं सांगितलं. पुढच्या रविवारी गावाला जायला निघाले आणि स्टँडवरून परत आले. त्याच्या पुढच्या रविवारी कॉलेजात काम आहे म्हणून कळवलं. माझ्या महिन्याच्या यादीत एक ओळ होती, जावेला सांगणे. जुलैच्या यादीतून ती ऑगस्टच्या यादीत उतरवली. असं माझ्या यादीत कधी होत नाही.

महालक्ष्म्यांना मात्र जावंच लागतं. आमच्याकडे दोन्ही जावांनी मिळून पुरण घालायचं असतं. एकटीने घातलेलं चालत नाही. मी आदल्या दिवशी सोळा भाज्यांची यादी घेऊन पोचले. जेवणाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चुलीजवळ बसलो. ती पुरणयंत्राचा दांडा फिरवत होती आणि मी वरून शिजलेली डाळ घालत होते. बाहेरच्या खोलीत ते मशीन टेबलावर होतं, वर जुनी ओढणी टाकलेली.

"आज तुला खरे अडतीस पूर्ण," मी म्हणाले.

"हाव. आईचा फोन आला होता सकाळीच. म्हणली, आज खरी म्हातारी झालीस."

मी डाळ घालायची थांबले. "मला तुला एक सांगायचंय. लातूरला पान का गेलं ते."

दांडा फिरत राहिला. "कंट्रोल डब्ल्यू," ती म्हणाली.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? दुसरं काय दाबलंच नव्हतं म्या. शब्द चुकला, बोटं गेली, अन् पान गेलं. बोटं उचलायच्या आधीच कळलं होतं मला."

"मग गेटवर मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही उन्हात उभ्या राहून चार पानं लिहून राहिल्या होत्या. कार्बन लावून. तवा म्हणू का, अक्का, तुमच्यामुळं झालं?" तिने दांडा थांबवला आणि जाळीला लागलेलं पुरण बोटाने काढलं. "अन् तुम्ही ते बी यादीत लिहून घेतलं असतं."

मला हसू आलं नाही. तिला आलं, थोडंसं, आणि लगेच गेलं. मग ती डोळ्यांना पदर लावून तशीच बसली. चुलीचा धूर होता, पण धुराने माणूस तसं बसत नाही. मी तिला इतक्या वर्षांत कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मी काय करू सांग," मी म्हणाले. "वर आयोग आहे, माहितीचा अधिकार आहे, जन्मतारखेचं सुद्धा बघता येतं, तुझ्या आईचं प्रतिज्ञापत्र..."

"काही नका करू," ती म्हणाली.

"अगं पण..."

"अक्का. काहीच नका करू. नुसतं बसा हितं."

मी बसले. मला नुसतं बसता येत नाही. हात पुरणाने भरलेले होते, पुसायलाही उठले नाही. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, पुरण झालं का, वेळ झाली महालक्ष्म्यांची. थोड्या वेळाने तिने पदर खोचला आणि म्हणाली, "टाका डाळ." मी टाकली. ती फिरवायला लागली.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत कोणी नसताना मी मशीनवरची ओढणी उचलली. पट्टी तशीच होती. नखाने कड उचलून पाहिली. पहिला थर आला, दुसरा आला नाही. डिंक उन्हाळ्यात वितळून बटणात उतरला होता. बटण दाबलं तर खालीच चिकटून राहिलं. मी ते पिनेने वर काढलं आणि ओढणी परत टाकली.

दुसऱ्या दिवशी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. पिशवीत पुरणपोळ्या, कढीपत्ता, तुरीची डाळ. गाडी यायला वेळ होता. तिने दोन्ही बाजूंना रस्ता पाहिला आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "माझं काही येतंय का ओ तुमच्या फोनवर?"

येत होतं. तिच्या अर्जाला माझा नंबर जोडलेला होता तो तसाच होता. पावसाळ्यात तीन निरोप आले होते. प्रिय उमेदवार, नवीन जाहिरात प्रसिद्ध झाली आहे. तिन्ही मी उघडून शेवटपर्यंत वाचले होते. तिन्हींत वयाची अट अडतीसच होती.

"आलं तर सांगा हं," ती म्हणाली.

"सांगते," मी म्हणाले. नांदेडची गाडी वळणावर दिसली तेव्हा तिने हात करून ती थांबवली.